भोंगा वाजला तरी माणसे का उठत नाहीत

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस, म्हणजे पतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाला मान वर करायलाही सवड नसते अशा दिवसांत, आमच्या मुख्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील यूपीएसच्या खोलीतून धूर यायला लागला. नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरून गोदावरीच्या अंगाला उतरणाऱ्या एका गल्लीत आमची चार मजली इमारत आहे आणि तिच्या तळघरात वाहनतळ व जुन्या दप्तराची खोली आहे. मी तिथे प्रशासन अधिकारी असल्यामुळे अशा वेळी काही तरी करण्याची जबाबदारी माझी होती, आणि मी जे केले ते असे : कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘दुसऱ्या मजल्यावर धूर येत आहे, कृपया सर्वांनी काळजी घ्यावी’ असा संदेश टाकला. त्यावर सात जणांनी अंगठा दाखवला, दोघांनी हात जोडले आणि वसुली विभागातून ‘ओके मॅडम’ असे उत्तर आले. वसुली विभाग तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर बसतो. वायरमनने मुख्य पुरवठा तोडून बॅटऱ्या वेगळ्या करेपर्यंत वीसेक मिनिटे गेली आणि तेवढा वेळ ती मंडळी थकबाकीच्या याद्या तपासत तिथेच बसून होती. जे खाली उतरले, त्यांतले बरेचसे लिफ्टने उतरले.

कोणाला इजा झाली नाही. पण संध्याकाळी अध्यक्षांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला, “मॅडम, त्या वेळी इमारतीत नेमकी किती माणसे होती?” मी हजेरीच्या यंत्रावरून ७१ हा आकडा सांगितला आणि सांगता सांगताच तो खोटा आहे हे माझ्या लक्षात आले. सकाळी अंगठा लावून वसुलीला किंवा निबंधक कार्यालयात गेलेले लोक त्यात होते, तर खिडकीसमोर उभे असलेले खातेदार, लोकांची रोजची बचत गोळा करून भरणा करायला आलेले पिग्मी एजंट आणि कागदपत्रांवर सह्या करायला आलेले जामीनदार त्यात कुठेच नव्हते. “काही तरी नीट व्यवस्था बसवा,” एवढे बोलून अध्यक्ष उठले, आणि पुढचे जवळजवळ वर्षभर मी ती व्यवस्था बसवत होते.

सुरुवात शिंगाडा तलावाजवळच्या अग्निशमन केंद्रापासून केली. एप्रिलचे दिवस होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे जवान मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्यामुळे प्रात्यक्षिकाची विनंती घेऊन गेलेली मी काही एकटी नव्हते. माझी अपेक्षा होती की तिथले अधिकारी भोंगे आणि धूरशोधक यंत्रांबद्दल सांगतील. त्यांनी आधी विचारले, “तुमचा बी फॉर्म कुठे आहे?” महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. त्यालाच सगळे बी फॉर्म म्हणतात. आमचा फॉर्म कुठे आहे हे इमारतीच्या मालकाला ठाऊक असेल असे मला वाटत होते, आणि मालकाला ते मला ठाऊक असेल असे वाटत होते.

पुढच्या आठवड्यात एक जवान पाहणीला आले. इमारतीला मागच्या बाजूने दुसरा जिना आहे हे मी तिथे नोकरीला लागले तेव्हा कोणी तरी सांगितले होते, पण त्या जिन्यावर गेल्या दहा वर्षांच्या खतावण्यांचे गठ्ठे रचलेले होते आणि सगळ्यांत वर गणपतीची मखर होती. जवान काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त वहीत टिपून घेतले, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटली.

अग्निशामक नळकांड्यांच्या बाबतीत मात्र मी चार गोष्टी शिकले. पावडरच्या नळकांड्यावर दाबमापक असतो आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही ते कोणालाही दिसते. विजेच्या आगीसाठी ठेवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यावर मात्र तसा काटा नसतो. ते भरलेले आहे की रिकामे, हे वजन करूनच कळते. आमचे शिपाई अण्णा ते नळकांडे खांद्यावर टाकून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने ते गव्हाच्या काट्यावर ठेवले आणि नळकांड्यावर कोरलेले रिकामे वजन व काट्यावरचा आकडा यांत जेमतेम पाव किलोचा फरक निघाला. म्हणजे धूर निघाला त्या दिवशी कोणी धीर करून ते उचलले असते, तरी त्यातून नुसता फुसका आवाज आला असता. नव्याने भरून आणल्यावर जवानांनी ते माझ्याकडून चालवून घेतले : खीळ ओढायची, नळीचे तोंड ज्वाळेकडे न धरता तिच्या बुडाशी धरायचे, दांडी दाबायची आणि झाडू फिरवावा तसे डावी-उजवीकडे फिरवत राहायचे. पुढचा कर्णा हाताने धरायचा नाही, कारण वायू बाहेर पडताना तो इतका गार होतो की कातडी चिकटते. सगळा प्रकार काही सेकंदांत संपला. “विझली नाही तर दुसरे शोधत बसू नका, दार ओढून घ्या आणि निघा,” असे ते म्हणाले.

मग संदेशाचा प्रश्न आला. ज्या गटावर वाढदिवसाचे केक आणि सकाळचे सुविचार येतात, तिथे धुराची बातमी विरघळून जाते हे आम्ही पाहिले होते, म्हणून एसएमएसची सेवा घ्यायचे ठरले. संस्थेने घाऊक एसएमएस पाठवायचे तर पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मजकूर, दोन्ही आधी नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनी ही पद्धत आली आहे आणि मंजूर साच्याबाहेरचा संदेश जात नाही. त्यामुळे आयत्या वेळी सुचेल ते लिहू, ही सोय नव्हती. शिवाय अशा नावाने गेलेल्या संदेशाला उत्तर देता येत नाही. ‘मी सुखरूप आहे’ असे प्रत्येकाकडून परत मागवायची माझी कल्पना तिथेच बारगळली आणि माणसे मोजायचे काम पुन्हा वही-पेन्सिलीवर आले.

मजकूर मी मोठ्या हौसेने लिहायला घेतला. ‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की कार्यालयात आणीबाणीची परिस्थिती उद्भवली असल्याने’ अशी त्याची सुरुवात होती. सेवा पुरवणाऱ्या कंपनीतला मुलगा फोनवर अदबीने म्हणाला, “मॅडम, इंग्रजी मेसेजला १६० अक्षरे मिळतात, मराठीला ७०. त्याच्यापुढे गेलात तर मेसेजचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात.” त्यातही काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘जिन्याने’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा समजतो, तर यंत्र त्याची आठ चिन्हे मोजते. मी पेन्सिलीने माझे वाक्य मोजून पाहिले. ७०वे चिन्ह ‘परिस्थिती’मधल्या ‘त’वर पडत होते आणि त्याची वेलांटी ७०च्या बाहेर जात होती. काय घडले आहे आणि काय करायचे आहे, यातला एक शब्दही तोवर आला नव्हता. तीस वर्षे परिपत्रके लिहिण्यात गेल्यावर हा हिशेब जरा जिव्हारी लागतो.

अकरा खर्डे झाले. शेवटी आगीसाठी ठरलेला मजकूर असा आहे : ‘आग. जिन्याने खाली या. लिफ्ट नको. समोरच्या मैदानात नाव द्या.’ ही ५९ चिन्हे होतात. आधी ‘सराव.’ हा शब्द जोडून दुसरा साचाही नोंदवला, तो ६५ चिन्हांत बसला. ‘कृपया’ हा शब्द काढावा की ठेवावा यावर व्यवस्थापकांशी माझा बराच वाद झाला. ‘कृपया’ लिहिले की वाचणाऱ्याला ती विनंती वाटते आणि विनंतीचा विचार करायला माणूस वेळ घेतो, हे माझे म्हणणे त्यांना शेवटी पटले.

याद्यांचे काम कंटाळवाणे होते, ते थोडक्यात सांगते. ८४ कर्मचाऱ्यांपैकी १४ जणांचे दप्तरातले मोबाइल क्रमांक बंद तरी होते किंवा मुलाच्या, नवऱ्याच्या नावावर गेले होते. आता दरमहा पगारपत्रकावर सही करताना प्रत्येकाने आपला क्रमांक वाचून खूण करायची असते. टेलिफोनजवळ ११२, १०१ आणि १०८ हे क्रमांक लिहिलेला फलक लावला आणि त्याखाली फोनवर सांगायचा पत्ता लिहिला. आमचा अधिकृत पत्ता सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबरचा आहे, तो बंबाच्या चालकाच्या काही उपयोगाचा नाही. फलकावर ‘मारुती मंदिराच्या शेजारची गल्ली, उतारावरची डावीकडची तिसरी इमारत’ असे लिहिले आहे.

जूनमध्ये पहिला सराव घेतला. दिवस आधी सांगितला होता, वेळ सांगितली नव्हती. सव्वाअकराला अण्णांनी भोंगा वाजवला, एसएमएस गेला, आणि मी मैदानात वही घेऊन उभी राहिले. कामाची वेळ सुरू झाल्याची आणि सुटल्याची घंटा अनेक वर्षे तशाच आवाजाची असल्यामुळे काही जणांनी घड्याळ पाहिले आणि यंत्र बिघडले असे समजून ते पुन्हा कामाला लागले. शेवटचा माणूस मैदानात यायला ११ मिनिटे लागली, आणि तोही शेवटचा नव्हताच, कारण पाच जण आलेच नाहीत.

मी चिडून वर गेले. कोण आणि का थांबले, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचे होते. कर्ज विभागातल्या एका सहकाऱ्यासमोर वयस्कर जामीनदार बसले होते, आणि “त्यांना अर्ध्यावर उठवणे बरे दिसले नसते” असे तो म्हणाला. टंकलेखन विभागातल्या ताईंच्या दोन्ही गुडघ्यांचे दुखणे आहे. लिफ्ट नको म्हटल्यावर तीन मजले उतरण्यापेक्षा सराव आहे तर बसून राहू, असा त्यांनी विचार केला. दोघे दप्तराच्या खोलीत, म्हणजे तळघरात होते. तिथे भोंगा ऐकू जात नाही आणि मोबाइललाही रेंज नसते. पाचवे आमचे रोखपाल. ते पिंजऱ्यात, गल्ला उघडा ठेवून, शांतपणे नोटा मोजत होते.

“मॅडम, माझ्या समोर साडेचार लाखांची रोकड होती. ती टाकून मी कसा येऊ? आणि बंद करून आलो, तरी परत आल्यावर तफावत निघाली तर भरायची कोणी?” त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. रोख कमी भरली तर ती रोखपालाच्या पगारातून वसूल होते, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे आणि तो मोडण्याचा अधिकार मला नाही. त्या दुपारपर्यंत माझी समजूत अशी होती की लोकांना गांभीर्य नाही, आणि समोर उभा असलेला माणूस मला हिशेब विचारत होता. मी त्या पाचही जणांची कारणे वहीत लिहून काढली. त्यांतले एकही निष्काळजीपणाचे नव्हते, आणि एकही कारण मोठ्या आवाजाच्या भोंग्याने दूर होण्यासारखे नव्हते.

म्हणून जुलैच्या संचालक मंडळाच्या सभेपुढे मी भोंग्याच्या कोटेशनसोबत एक ठराव ठेवला. आगीची सूचना मिळताच रोखपालाने हातातले मोजणे सोडून गल्ल्याला कुलूप लावावे, किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि बाहेर पडावे. त्या दिवसाची तफावत त्याच्याकडून वसूल न करता अनामत खाती, म्हणजे हिशेब लागेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, टाकून तिची चौकशी व्हावी, असा तो ठराव होता. एका संचालकांनी ‘मग रोज भोंगा वाजेल’ असे म्हणून हशा पिकवला. त्यावर अध्यक्षांनी विचारले, “पगारातून पैसे कापू असे सांगून आपण त्याला धुरात बसवणार आहोत का?” ठराव मंजूर झाला. घंटेचा आवाज बदलला, तळघरात वेगळा भोंगा व लुकलुकणारा दिवा बसवला, ताईंची बैठक पहिल्या मजल्यावर हलवली, आणि समोर बसलेल्या ग्राहकाला हाताला धरून सोबत आणायचे हे काम त्या त्या टेबलावर लिहून ठेवले.

पुराचा विचार मात्र ऑगस्टपर्यंत झाला नव्हता, ही माझी चूक. आगीत खाली उतरायचे असते आणि पुरात वर चढायचे असते, इतकी साधी गोष्ट मला एकच भोंगा बसवताना सुचली नाही. नाशिककराला गोदावरीचा पूर नवा नाही. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमधले पूर सगळ्यांच्या आठवणीत आहेत, आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले की कमरेला, यावरून अण्णांसारखी माणसे अजूनही पाण्याचा अंदाज सांगतात. नदीकाठच्या माणसाला तो हिशेब पुरतो, कार्यालयाला पुरत नाही. शहरात लख्ख ऊन असताना त्र्यंबकच्या बाजूला पाऊस कोसळत असतो, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला जातो आणि पाणी येते. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे हजार क्युसेक विसर्ग म्हटला की दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर रिकामे होत आहेत असे समजावे. हा हिशेब फलकावर लिहिल्यापासून लोक बातम्यांतले आकडे लक्ष देऊन वाचायला लागले.

हवामान खात्याचे रंगही आम्ही आमच्या कामाला जोडून घेतले. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा, असा त्यांचा अर्थ आहे. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पडला, तर त्याला अत्यंत मुसळधार पाऊस म्हणतात. नाशिकच्या घाटक्षेत्राचा इशारा वेगळा दिलेला असेल तर आम्ही शहराचा सोडून तो धरतो, कारण आमच्या तळघरात येणारे पाणी घाटातून येते. इथेही खरी अडचण माणसांच्या कारणाचीच होती. पाणी चढायला लागले की प्रत्येक जण आपली दुचाकी काढायला तळघरात धावतो. जिचे दहा हप्ते फिटायचे आहेत ती गाडी सोडून वर या, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हा नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी सकाळी तळघरात गाडी घ्यायचीच नाही, मंदिरासमोरच्या उंचवट्यावर लावायची आणि तिथल्या पहारेकऱ्याचे पैसे संस्थेने द्यायचे, असे ठरवले. त्यानंतरच ‘पूर. तळघर, वाहनतळ सोडा. वर या. गाडी काढायला जाऊ नका.’ हा साचा नोंदवला.

त्याच महिन्याच्या अखेरीस तो पाठवायची वेळ आली. विसर्ग वाढल्याची बातमी दुपारी आली आणि चारच्या सुमारास गल्लीच्या खालच्या टोकाला गढूळ पाणी दिसायला लागले. तळघर सकाळपासून रिकामे होते. तिथे फक्त अण्णांची सायकल होती आणि ती वर आणायला ते निघालेच होते. मी जिन्यात आडवी उभी राहिले. “मॅडम, सायकल आहे हो, गाडी थोडीच आहे,” असे ते म्हणाले. पाणी उतारावरच थांबले, तळघरात ओंजळभरही शिरले नाही, आणि अण्णांनी पुढचे दोन दिवस मला त्या सायकलीवरून ऐकवले.

दुसरा सराव जानेवारीत, बी फॉर्मच्या तपासणीच्या आठवड्यात झाला. या वेळी दिवसही सांगितला नव्हता. इमारत ४ मिनिटे १० सेकंदांत रिकामी झाली, मजल्यामजल्याच्या वह्या जुळल्या, आणि खातेदारांसह १०३ माणसे मैदानात होती. रोखपाल तिसऱ्या मिनिटाला आले. संध्याकाळी रोख जुळवताना ५०० रुपये कमी भरले. ते तडक माझ्या टेबलाशी आले, ठरावाची प्रत समोर ठेवली आणि काही न बोलता उभे राहिले. मी अनामत खाती ५०० रुपये टाकल्याचे व्हाउचर लिहिले, त्यावर व्यवस्थापकांची सही घेतली आणि त्यांच्या हातात दिले. चार दिवसांनी एका पिग्मी एजंटाच्या भरण्यात ती नोट निघाली. भोंगा वाजला तेव्हा गडबडीत ती त्याच्या पावती पुस्तकात गेली होती. व्हाउचर उलटवताना रोखपालांनी विचारले, “पुढचा सराव कधी आहे?” मी सांगितले नाही.